'ए'पासून 'बी'पर्यंत

९ जानेवारी

चि. सौ. वहिनीस अनेक आशीर्वाद, वि. वि.

सोबतच्या खोक्यात डीव्हीडी प्लेअर आहे आणि एक डीव्हीडी. बाबा निवृत्त झाले त्या आठवड्यात धाकट्या भावानं नवा कॅमेरा घेऊन घरभर फिरून जे काय काय काढलं होतं, ती कॅसेट इतकी वर्षं माझ्या कपाटात पडून होती. तिचीच डीव्हीडी करून घेतली. कशी झाली आहे ते बघायला बसले आणि रडून रडून डोळे सुजले. दुसऱ्या दिवशी शाळेच्या ग्रंथालयात मुली विचारत होत्या, की बाई, सर्दी झाली का.

त्यातला एक तुकडा आईसाठी आहे. बाबा खिडकीशी पेपर घेऊन बसलेत. मान वळवून आईला हाक मारतात आणि विचारतात, की अगं, माझा चष्मा कुठे ठेवलास. आई हात पुसत येते, त्यांच्याच पेपरखालचा चष्मा उचलते, काचांवर फुंकर मारते आणि त्यांच्या नाकावर चढवते. बाबा म्हणतात, की तू नसतीस तर मी भिंतच पेपर समजून वाचत बसलो असतो. आणि दोघं हसतात. बाबा कसे हसायचे ते तुला आठवतच असेल.

आता नीट वाच. रिमोटवर खाली उजवीकडे 'ए-बी' असं बटण आहे. बाबांनी मान वळवली की ते दाब, टीव्हीच्या पडद्यावर 'ए' दिसेल. दोघं हसली की पुन्हा दाब, 'बी' दिसेल. मग तेवढाच भाग आपोआप पुन्हा पुन्हा लागत राहील. तिसऱ्यांदा दाबलं की थांबतं. आईला मागचं काही आठवत नाही, तेव्हा एवढं एक गोड दृश्य तिच्यासमोर राहू दे. शेजारी झूमचं बटण आहे, त्यानं चेहरे मोठे होतात. तिची नजर अधू झाली आहे ना.

फोनवर मला रडू येतं आणि तुला शिलाई मशीनच्या आवाजात ऐकू येत नाही, म्हणून हे पत्र. लोभ आहेच, त्यातला थोडा आईकडे वळता कर.

तुझी,
वन्सं


२७ जानेवारी

ती. वन्संना सा. न. वि. वि.

मशीन पोचलं. ह्यांनी तारा जोडून दिल्या आणि नेहमीप्रमाणे दौऱ्यावर पळाले. तुमचं ए-बी फारच कामाचं निघालं, आभार कसे मानू?

झालं असं, की बाबांनी मान वळवली तिथे मी 'ए' दाबला आणि तेवढ्यात पडदे शिवायला टाकलेल्या बाई दारात हजर. मी घाईत लगेच पुन्हा दाबलं. त्यामुळे आता बाबा नुसतं चष्मा कुठे म्हणून विचारतात, आणि परत मान वळवून विचारतात. आणि काय सांगू, आई उठल्या! आले हं, आले, म्हणत सगळे खण उघडले, उशा उलटल्या, माझा सुयांचा डबाही पालथा घातला. शेवटी बाबांचा जुना चष्मा सापडला, तो नेऊन पडद्यासमोर धरला. बाबा आपले विचारताहेतच. मग त्यांना वाटलं, हा तो नव्हे. पुन्हा शोध सुरू.

पूर्वी दिवसभर माझ्या मागे असायच्या, की शिवणवाल्या बाई, मला घरी सोडा. दार उघडून रस्त्यावर जायच्या. आता सकाळी ए-बी लावलं की संध्याकाळपर्यंत चिंता नाही. चालणं होतं, भूक लागते. गिऱ्हाइकांचीही करमणूक होते. परवा कोटाचं माप द्यायला आलेल्या मास्तरांनी आपला काळा गॉगल काढून आईंच्या हातात दिला, की हा दाखवून बघा. त्यांनी खरंच नेऊन दाखवला. हसून हसून माझ्या तोंडातल्या टाचण्या पडल्या.

तुम्ही सुखरूप असालच. लोभ असावा, आणि जमलं तर आणखी एखादी डीव्हीडी.

आपली,
वहिनी


४ फेब्रुवारी

वहिनी,

आशीर्वाद लिहायला हात वळत नाही.

हसायला तुला माझी आईच सापडली का? बाबांना आयुष्यात स्वतःची एक वस्तू कधी सापडली नाही. आमच्या घरात सकाळपासून रात्रीपर्यंत ते विचारायचे आणि ती काढून द्यायची. मोज्यापासून किल्लीपर्यंत. आम्ही चिडवायचो, तर ती म्हणायची, की एवढ्यासाठी तर मला आणलंय. ते तिचं सुख होतं गं. आणि तू तिला दिवसभर हरवते आहेस. तिला वाटत असेल, की हे बोलावताहेत आणि मला साधा चष्मा देता येत नाही.

'बी' पुढे सरकव. तिनं चष्मा दिलेला तिला दिसू दे. इतकंच मागते. मी तुझ्याजवळ आजवर काही मागितलेलं नाही.

लोभाचं पुढच्या पत्रात.

वन्सं


१२ फेब्रुवारी

ती. वन्संना सा. न. वि. वि.

काहीच मागितलं नाहीत हे खरं. आईंना इथे ठेवून गेलात, तेही न मागताच.

पत्रातली आई फार गोड दिसते. इथली आई खुर्ची ओली करते, मला चोर म्हणते आणि मी सुईत दोरा ओवेपर्यंत रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहते. मागच्या महिन्यात त्यांना आणायला धावताना मशीनची सुई माझ्या बोटातून आरपार गेली. हे मी कळवलं नव्हतं, कारण तुम्हाला रडू आलं असतं. तुमच्या ग्रंथालयात खुर्च्या पुष्कळ आहेत असं ऐकते, एका खुर्चीत आई मावल्या असत्या.

तरी तुमचा शब्द मोडत नाही. रविवारी तुमच्याच मापाचा तुकडा लावते, हसण्यापर्यंतचा. मग मला बोल लावू नका.

लोभ जितका आहे तितका पुरे.

वहिनी


१९ फेब्रुवारी

ती. वन्संना सा. न. वि. वि.

सांगितल्याप्रमाणे रविवारी लावलं. आई जुना चष्मा हातात धरून पडद्याशीच उभ्या होत्या. बाबांनी विचारलं. ह्या म्हणाल्या, की हा घ्या. तेवढ्यात तिकडून आई हात पुसत आल्या, म्हणजे तेव्हाच्या आई, आणि चष्मा बाबांच्या नाकावर चढवला. दोघं हसली.

आईंनी मला विचारलं, की ही बाई कोण.

मी म्हटलं, अहो, तुम्हीच. तर माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांची चेष्टा करते आहे. म्हणून तुम्ही लिहिलेलं झूम दाबलं. चेहरा पडदाभर मोठा केला. त्यांनी काचेवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, की चांगली आहे, केस दाट आहेत. मग हळूच विचारलं, की कधीपासून येते.

मी झूम काढलं. तेवढ्यात एका मुलीचा झगा अंगावर घालून बघायचा होता, म्हणून मी आत गेले. तुकडा तुमच्या मापाचाच होता, त्यामुळे ती बाई पुन्हा पुन्हा येत राहिली आणि बाबा हसत राहिले. परत आले तेव्हा आई भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. हातातला चष्मा माझ्याकडे दिला आणि म्हणाल्या, की तिला द्या.

त्या दिवशी जेवल्या नाहीत. बाकी क्षेम.

वहिनी


२४ फेब्रुवारी

वहिनी,

पहिल्यासारखं लाव. नुसती हाक. 'बी' तिथेच ठेव, ती बाई येण्याआधी. दिवसभर शोधू दे तिला, मास्तर हसले तर हसू देत. मी चुकले. रजा मिळताच येते, तोवर एवढं कर. तुझ्या पाया पडते, आणि मी वयानं मोठी आहे हे लक्षात ठेवून हे वाच.

वन्सं


३ मार्च

ती. वन्संना सा. न. वि. वि.

पत्र मिळालं त्याच दुपारी पहिल्यासारखं लावलं. बाबा हाक मारतात, विचारतात. आई उठत नाहीत. मला वाटलं, ऐकू आलं नसेल. आवाज वाढवला, खुर्ची पडद्याकडे वळवून दिली, शेवटी कानाशी जाऊन सांगितलं, की आई, बाबा चष्मा मागताहेत. तर म्हणाल्या, ते मला नाही हाक मारत.

आता घरी सोडा असंही म्हणत नाहीत. दार सताड उघडं असलं तरी जागच्या हलत नाहीत, त्यामुळे माझी पुष्कळ शिवणं मार्गी लागली. प्लेअर पुन्हा खोक्यात बांधून ठेवला आहे, याल तेव्हा घेऊन जा. येण्याची घाई मात्र करू नका. तुम्ही कोण, हे त्यांना मलाच सांगावं लागेल आणि त्यांचा माझ्यावर विश्वास नाही.

लोभ तिकडेच असू द्या.

वहिनी