मोठ्या रस्त्याला लागल्यावर

३ ऑक्टोबर

लेन बदलताना पावाच्या व्हॅनला गाडी घासली. चूक व्हॅनची. मी इंडिकेटर दिला होता. व्हॅनवाला उतरून म्हणाला, काका, मी आधीपासून इथेच होतो. मी म्हटलं, असशील, पण मी येतोय हे कळवलं होतं ना? तो परत व्हॅनमध्ये जाऊन बसला. पटलं बिचाऱ्याला.

दाराला मोठा पोचा. सौ. शेजारीच बसली होती, घरापर्यंत दाराची मूठ घट्ट धरून. मला काही वाटलं नाही.

४ ऑक्टोबर

चिंगी २९ला विमानाने जाणार. आमची एकुलती एक. वय चोवीस, पण नाव चिंगीच. नोकरी लांबची आहे आणि बहुतेक कायमची. जायचं नाही, असं मी उन्हाळ्यातच स्पष्ट सांगितलं होतं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि तिकीट काढलं. तेव्हापासून बोलणं कामापुरतं. गिझर लावू का. चार्जर कुठाय.

विमानतळावर मीच सोडणार. पाऊण तासाचा रस्ता. गाडीत माणूस समोर बघून बोलतो, तोंडाकडे बघावं लागत नाही. वाक्य तयार आहे : 'तुझ्याशिवाय करमणार नाही, पण जा.' मोठ्या रस्त्याला लागलो की बोलायचं. गल्लीबोळात नको, सारखा ब्रेक मारावा लागतो.

५ ऑक्टोबर

मायलेकींनी स्वयंपाकघरात परस्पर ठराव केला. मी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये जाऊन रस्त्याचे नियम पुन्हा शिकायचे, नाहीतर चिंगी टॅक्सीने जाणार. तीस वर्षं गाडी चालवतोय मी! पण मोठ्या मनाने हो म्हटलं. शिकवणाऱ्या बाईंनाही चार गोष्टी कळतील.

८ ऑक्टोबर

पहिला धडा. बाईंच्या पायाशी दुसरा ब्रेक असतो. त्यांनी तो सारखा दाबला. असते एकेकाला सवय.

बाई म्हणतात, इंडिकेटर म्हणजे विचारणं, कळवणं नव्हे. आधी विचारायचं, मग आरशात बघायचं, मग मान वळवून बघायचं. जागा दिली तर जायचं. मी विचारलं, नाही दिली तर? तर थांबायचं म्हणे. कुठवर? बाई पर्समध्ये बडीशेप शोधत होत्या. म्हणाल्या, देईपर्यंत.

जेवताना हे घरी सांगितलं. चिंगी हसली. उन्हाळ्यानंतर पहिल्यांदाच. म्हणाली, बाबा, हे त्यांनी गाडीबद्दलच सांगितलं ना? मी म्हटलं, मग आणखी कशाबद्दल? सौ.ला एकदम ठसका लागला.

१२ ऑक्टोबर

संकल्प : आजपासून वाट देणार. रस्त्यावर काय आणि रस्त्याबाहेर काय.

ऑफिसात लिफ्टपाशी सगळ्यांना आधी जाऊ दिलं. लिफ्ट भरली, गेली. पुन्हा आली, पुन्हा भरली. मीटिंगला पोचलो तेव्हा लोक खुर्च्या सरकवून उठत होते. साहेबांनी विचारलं, कुठे होतात? मी म्हटलं, खाली, वाट देत होतो. साहेब म्हणाले, आम्ही वर वाट बघत होतो. विनोदी माणूस.

१७ ऑक्टोबर

आज गोल चौक. नियम असा, की जो आधीपासून गोलात फिरतोय त्याचा हक्क पहिला. बघितलं तर सगळेच आधीपासून फिरत होते. थांबलो. बाई म्हणाल्या, आता जायला हरकत नव्हती. मग म्हणाल्या, आत्ताही नव्हती. मग बडीशेप खाऊ लागल्या. मागे हॉर्नचा नुसता कल्लोळ. पण मी डोळ्यांत तेल घालून बघत होतो. व्हॅनवाल्याच्या वेळी मान वळवली नव्हती, हे आत्ता लक्षात आलं. तरी चूक त्याचीच.

बाईंनी दुसरा ब्रेक एकदाही दाबला नाही. ही प्रगती.

२० ऑक्टोबर

कोर्स संपला. बाई म्हणाल्या, तुमच्यापासून आता कुणाला धोका नाही. हे शब्द घरी दोनदा सांगितले. चिंगी म्हणाली, बरं बाबा, तुम्हीच सोडा.

२३ ऑक्टोबर

चिंगीची खोली रिकामी होतेय. पुस्तकं खोक्यात. भिंतीवर चित्रांच्या जागी चौकोन उरलेत, बाकीच्या भिंतीपेक्षा उजळ. ते बघून काही वाटायला हवं होतं. वाटलं नाही. दात काढायच्या आधी इंजेक्शन देतात, तसं आतून झालंय.

दारात उभा होतो. ती खोकं घेऊन बाहेर आली, मी वाट दिली. परत आत गेली, पुन्हा दिली. म्हणाली, बाबा, आत या ना. मी म्हटलं, आधी तुझं होऊ दे. ती खोक्याला टेप लावायला लागली.

२८ ऑक्टोबर

टाकी फुल. हवा भरली. काच पुसली. न्हाणीघराच्या आरशासमोर वाक्य म्हणून बघितलं, छान जमतंय. सौ.ने दार ठोठावून विचारलं, आत कोण आहे तुमच्याबरोबर?

उद्या तीही येणार होती. आता म्हणते, तुम्ही दोघंच जा. बॅगांमुळे अडचण होईल म्हणून असेल.

२९ ऑक्टोबर, दुपार

निघालो वेळेत. गल्ल्या झाल्या, गोल चौक झाला (गोल रिकामा होता). वाक्य जिभेवर होतं. समोर मोठ्या रस्त्याला मिळणारा चढ आणि त्याच्या टोकाला पाटी : वाट द्या.

दिली. इंडिकेटर लावला, म्हणजे विचारलं. आरशात बघितलं. मान वळवली. ट्रक. त्याला जाऊ दिलं. बस. तिलाही. चिंगी म्हणाली, बाबा, जा. तेवढ्यात एक मोटार. चिंगी म्हणाली, आता. तर आणखी एक. कुणी जागा देईना आणि मला घेववेना. वाक्य तसंच. पण अजून मोठ्या रस्त्याला लागलो नव्हतो ना.

मागे रांग. मागचा टॅक्सीवाला खिडकीशी येऊन म्हणाला, काका, जायचंय का मुक्काम करताय? चिंगीने घड्याळ बघितलं. त्याला विचारलं, रिकामी आहे का, विमानतळावर याल का? तो म्हणाला, चला. दोघांनी मिळून बॅगा काढल्या. मी डिकीचं बटण दाबलं.

मग ती माझ्या खिडकीशी आली. स्टिअरिंगवर माझा हात होता, त्यावर हात ठेवला. म्हणाली, बाबा, काही बोलायचं होतं का?

मी म्हटलं, मोठ्या रस्त्याला लागल्यावर.

ती म्हणाली, बरं. नीट जा घरी.

टॅक्सी माझ्या बाजूने पुढे आली. इंडिकेटर लागला. एका लाल मोटारीने वेग कमी करून तिला लगेच जागा दिली. गेली.

२९ ऑक्टोबर, संध्याकाळ

मोठ्या रस्त्याला लागलोच नाही. रिव्हर्समध्ये परत आलो. मागे यायला सगळ्यांनी भराभर जागा करून दिली.

सौ. फाटकात उभी होती. बोलणं झालं का, असं तिने विचारलं नाही. गाडीकडे बघून म्हणाली, इंडिकेटर चालूच आहे अजून. कुठे वळायचंय?

मी म्हटलं, कुठेच नाही. बंद केला.

चिंगीचा मेसेज : विमानात बसले. मी लिहिलं : ठीक.

३० ऑक्टोबर

करमत नाही.