पाटीवरून गाळलेली ओळ

४ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. बाप झालास आणि अक्षर सुधारलं, हे एका जिवाने केलेलं मोठंच काम म्हणायचं. आई जन्मभर टपालाच्या खिडकीमागे बसली म्हणून आपल्या घरात महत्त्वाचं ते कागदावरच लिहायचं, हा तिचा कायदा तू मोडला नाहीस, बरं वाटलं. बाळाला एकही दात नाही म्हणून त्याला 'बोळकं' म्हणतोस! कवळ्या बनवणाऱ्या बापाला दुसरं काय सुचणार?

इकडे संग्रहालयात माझ्या डोक्यावर नवं प्रदर्शन आहे आणि विषय आहे चुंबन. त्याचं विज्ञान आणि इतिहास. आमचे साहेब त्याला 'तो विषय' म्हणतात आणि चष्मा पुसायला घेतात. पण मला मजा येते आहे. साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या मातीच्या विटांवर कुणीतरी चुंबनाबद्दल कोरून ठेवलंय. जगातल्या निम्म्याअधिक समाजांत प्रेमाने ओठाला ओठ लावायची पद्धतच नाही म्हणे. कितीतरी ठिकाणी जवळ घेऊन नुसता वास घेतात, तेच त्यांचं चुंबन. काहींचं म्हणणं असं की आया पूर्वी घास चावून बाळाच्या तोंडात घालत, त्यातूनच हे सगळं सुरू झालं. नक्की कुणालाच ठाऊक नाही. वस्तूंखालच्या पाट्या मी लिहिते आणि एका पाटीला चाळीसच शब्द. त्यापुढे साहेबांची कात्री.

सोबत तुझ्या कामाची एक पाटी पाठवते. कालच छापून आली.

'लहान बाळाचे चुंबन घेऊ नये. मोठ्यांच्या ओठांवर येणाऱ्या फोडातील विषाणू बाळाच्या जिवावर बेतू शकतो. दहा सेकंदांच्या एका दीर्घ चुंबनात आठ कोटी जीवाणू एका तोंडातून दुसऱ्या तोंडात जातात.'

घरात सगळ्यांना वाचून दाखव. आईला आधी. ती पापा घेते म्हणजे गालच उपटून नेते, हे तुझे-माझे गाल जाणतात. तुझ्या मास्तरीणबाईंना बाळंतपणाची विश्रांती घ्यायला सांग.

माया आहेच, तिला पत्रांचं खतपाणी घालत जा.
तुझी
ताई


१७ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आधी सांगतो, बोळकं आता ठणठणीत आहे, म्हणजे पुढचं वाचताना तू घाबरणार नाहीस. मागच्या आठवड्यात त्याला सणकून ताप आला. मास्तरीण शाळा सोडून पळत आली, मी हातातली कवळी तशीच टेबलावर टाकली आणि आम्ही दवाखाना गाठला. तीन दिवस ताप हटेना. मग तो उतरला आणि अंगभर गुलाबी पुरळ उठलं. डॉक्टर हसले. म्हणाले, हा लहान मुलांचा नेहमीचा ताप, पुरळ उठलं म्हणजे सुटलात. आम्ही दोघं बाकावर बसून रडलो.

आता खरी गोष्ट. आम्ही घरी आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी आई पिशवी भरून मावशीकडे गेली. मावशीचा गुडघा दुखतोय म्हणाली. मी मावशीला फोन केला तर ती जिना चढत होती आणि धापही लागलेली नव्हती. आई कधी येणार विचारलं, तर म्हणाली, तिलाच विचार. आई फोनवर येत नाही.

ताई, मला वाटतं ही माझी करणी आहे. तू पाठवलेली पाटी मी प्लॅस्टिकमध्ये घालून पाळण्याच्या वर, आईच्या डोळ्यांच्या उंचीला लावली होती. कामावर आम्ही तोंडाला लागणारी प्रत्येक वस्तू उकळून घेतो, तीच शिस्त घरी. एकदा मास्तरणीच्या मैत्रिणी आल्या होत्या. आई बाळावर वाकली, तर मी सगळ्यांसमोर म्हणालो, आई, पाटी वाच. ती हसली. पण त्यानंतर ती बाळाला मांडीवर घेताना तोंड दुसरीकडे वळवायची. मला ते दिसायचं आणि मी समाधानाने मान हलवायचो. मान हलवायचो, ताई!

बोळकं दारात कुणी आलं की मान उंच करून बघतं आणि ती आपली आई नसली की भोकाड पसरतं. तू तिला लिही. माझं ती ऐकणार नाही.

रागावू नकोस, आणि रागावलीस तरी लिहायचं थांबू नकोस.
तुझा
धाकटा


२० नोव्हेंबर

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

मावशीचा गुडघा जिने चढतो आहे हे कळलं. तुझा रुसवा धाकट्यावर असेल तर तो अर्धा माझ्या नावावर घाल. पाळण्यावरची ती पाटी मी लिहिली होती. त्याने फक्त लावली.

काल दुपारी दालनात फिरत होते. एक आजी नातीला कडेवर घेऊन त्याच पाटीसमोर उभ्या होत्या. वाचून झाल्यावर त्यांनी पोरीला सुनेकडे दिलं आणि पदराने स्वतःचं तोंड पुसलं. त्या पाटीबद्दल आजवर माझी फार वाहवा झाली आहे. ती वाचून एखादी बाई आपलं तोंड पुसते, हे मी इतके महिने कधी बघितलंच नव्हतं. मला तिथल्या तिथे तुझी आठवण झाली आणि शरमेने कानशिलं तापली.

तू घरी जा. की आणखी काही आहे? काही असेल तर मला लिही, मी कुणाला बोलणार नाही.

तुझ्या हाताची चार अक्षरं आली की पोट भरतं, उपाशी ठेवू नये.
तुझी
मोठी


२६ नोव्हेंबर

चि. मोठीस,
अ. उ. आ.

मी रुसलेली नाही. रुसायचं वय गेलं. तुझा भाऊ बावळट आहे पण वाईट नाही, हे मला त्याच्या जन्मापासून माहीत आहे.

तू या विषयातली जाणकार, म्हणून एक विचारते. मावशीच्या शेजारी एक बाई राहते. तिला नातू आहे. मुलाने घरात पापा घ्यायला बंदी केली होती. बाई तशी शिस्तीची, सरकारी नोकरीत नियम पाळून केस पांढरे केलेली. ती बाळाच्या टाळूचा वास घ्यायची, कारण वासाबद्दल पाटीवर काही लिहिलेलं नव्हतं. त्यावर तिने बरेच महिने काढले. मग एका दुपारी सून कामावर, मुलगा कामावर, बाळ झोपलेलं. झोपेत ते हसलं. तिने पापा घेतला. कपाळाचा नाही. गालाचा, ओठाच्या अगदी कोपऱ्याजवळ. ओठावर तिला त्याआधी एक फोड येऊन गेला होता. खपली पडली होती की पडायची होती, हे तिला आता काही केल्या आठवत नाही.

आठवड्याने बाळाला ताप आला. सून रडत होती, मुलगा रडत होता आणि ही बाई त्यांना पाणी देत होती. तिने कुणाला काही सांगितलं नाही. मग त्या पाळण्याजवळ उभं राहणं तिला जमेना, म्हणून ती निघून आली.

तिला एवढंच विचारायचं आहे की तो ताप तिने दिला का. उत्तर खरं लिही. मन राखायला लिहिलेलं तिला लगेच ओळखू येतं. आणि धाकट्याला त्या बाईबद्दल कळवायचं कारण नाही, तो उगाच जिवाला लावून घेतो.

जेवणाच्या वेळा पाळ. देवाने दिलेलं शरीर आहे, संग्रहालयाचं नव्हे.
तुझी
आई


१ डिसेंबर

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

त्या शेजारणीला माझा नमस्कार सांग. तिची फार आठवण येते.

तिला सांग की मी आमच्या प्रदर्शनाला मदत करणाऱ्या डॉक्टरीणबाईंना विचारून हे लिहिते आहे. तापानंतर पुरळ उठलं, म्हणजे तो त्या फोडाचा आजार नव्हे. फोडाचा विषाणू खरा धोक्याचा असतो तो पहिल्या काही आठवड्यांच्या कोवळ्या बाळाला. फोड असताना कुठल्याच बाळाचा पापा घेऊ नये, ही चूक तिची झाली आणि ती मी झाकत नाही. पण हा ताप त्या फोडाने आला नाही.

आता उरलेलं खरं. हा पुरळाचा तापसुद्धा मोठ्यांच्या लाळेतूनच येतो. दिसायला धडधाकट असलेल्या माणसांच्या. तो तिच्याकडून आला असेल, सुनेकडून आला असेल, मुलाकडून आला असेल. जगातलं कुठलंच शास्त्र हे आता सांगू शकणार नाही. दोन वर्षांच्या आत तो बहुतेक सगळ्या मुलांना होतो आणि बरा होतो. तू मन राखू नकोस म्हणालीस, म्हणून 'तू नाहीस' असं मी छातीठोक लिहीत नाही. लिहावंसं फार वाटतंय.

आणि आई, आता माझं ऐक. ती पाटी मी लिहिली तेव्हा 'नवजात' हा शब्द होता आणि शेवटी अशी ओळ होती, 'बाळ काही महिन्यांचे झाले आणि ओठांवर फोड नसेल, तर घरातल्या माणसांनी त्याच्यावर खुशाल माया करावी.' शब्द चाळिसाच्या वर गेले. आठ कोटींचा आकडा लोकांना थक्क करतो, म्हणून मी तो ठेवला आणि ती ओळ उडवली. 'नवजात' कठीण वाटेल म्हणून 'लहान' केलं. साहेबांची कात्री लागायच्या आधी मीच लावली. धाकट्याला पाटी पाठवताना तेवढी ओळ हाताने लिहून घातली असती तर शाई संपणार नव्हती. मला ती आठवलीसुद्धा नाही. सगळं कधीपर्यंत पाळायचं ते मी सांगितलंच नाही, आणि तू विचारणारी नव्हेस.

आज साहेबांकडे गेले. ते म्हणाले जागा नाही. मी म्हटलं आठ कोटी काढा. त्यांनी चष्मा पुसला आणि हो म्हणाले. नवी पाटी सोबत आहे.

शेजारणीने मुलाला स्वतःच सांगावं असं मला वाटतं. मी काही बोलणार नाही.

तुझ्या रागावरही माझा हक्क आहे, तोही पाठव.
तुझी
मोठी


९ डिसेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आई आली! काल दुपारी दारात उभी, पिशवी हातात, चप्पल पायात. आत ये म्हटलं तर म्हणाली, आधी ऐक. मग उंबऱ्याबाहेर उभं राहूनच तिने सगळं सांगितलं. टाळूचा वास, ती दुपार, फोड. खिडकीवर गहाळ पार्सलाची खबर द्यावी तशा आवाजात. शेवटी म्हणाली, आता आत घ्यायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

मास्तरीणच बोलली. तिने माझ्याकडे बोट दाखवलं आणि आईला सांगितलं की तुमचे चिरंजीव रोज बाळाला भरवताना चमचा आधी स्वतःच्या तोंडात घालून गरम आहे का बघतात आणि तोच चमचा त्याच्या तोंडात घालतात. ताई, हे खरं आहे. मी रोज करतो. पाटीखाली उभा राहून करतो! पापा घ्यायला बंदी होती, चमच्याचं माझ्या डोक्यातही आलं नाही. कामावर दिवसभर सगळं उकळून घेणारा मी, आणि घरी हे. मी आईचे पाय धरले. ती म्हणाली, ऊठ, पँट मळेल.

जुनी पाटी काढली. भिंतीचा रंग तेवढा निघून आला आहे. नवी लावू म्हटलं तर मास्तरीण म्हणाली, आता भिंतीला सुट्टी द्या.

पण आई अजून बाळाला तशीच घेते, तोंड वळवून. फोड नाही, काही नाही, तरी. मी म्हणतो घे गं पापा, तर म्हणते, राहू दे, सवय गेली. हे कसं दुरुस्त करायचं ते मला कळत नाही.

पत्राची वाट बघायला लावू नकोस, मी आधीच कमी झोपतो.
तुझा
धाकटा


१५ डिसेंबर

चि. मोठीस,
अ. उ. आ.

शेजारीण तुझी आभारी आहे. तू मन राखलं नाहीस म्हणून तिला ते उत्तर खरं वाटलं. तो ताप तिचा असेलही. हे तिला आता जन्मभर राहील, पण त्याच्यासकट ती घरात राहू शकते, असं तिचं म्हणणं आहे.

तुझ्या ओळीचं फार मनाला लावून घेऊ नकोस. पाटी अपुरी होती, पण मला विचारता येत होतं आणि मी ताठ्यात विचारलं नाही. तुला मी लहानपणी घास चावून भरवलेला आहे, तेव्हा कुणी पाटी लावली असती तर मी ती फाडून टाकली असती. म्हातारपणी माणूस भित्रं होतं.

आज सकाळची गोष्ट. बोळक्याला वरच्या हिरडीत एक दात फुटला आहे, त्यामुळे तुझ्या भावाला आता नवं नाव शोधावं लागेल. मी त्याला केळं कुस्करून भरवत होते, मान नेहमीसारखी वळवून. त्याने दोन्ही मुठींत माझे कान धरले, माझं तोंड स्वतःकडे ओढलं आणि आपलं तोंड सताड उघडून माझ्या गालाला लावलं. ओठ मुडपायचे असतात हे त्याला कुठलं माहीत! त्याला पापा घ्यायला मी कधी शिकवलेलं नाही. नुसतं तोंड लावून बसला, ऊं ऊं करत. केळं, लाळ, तो एक दात, सगळं माझ्या गालावर. मला रडू आलं. सूनबाईने बघितलं आणि ती दुसऱ्या खोलीत गेली, शहाणी आहे.

तू पाटीवरून आठ कोटी काढून टाकलेस म्हणून हळहळू नकोस. ते इकडे पोचले आहेत, माझ्या डाव्या गालावर आहेत. दुपार झाली, मी अजून तोंड धुतलेलं नाही.

ये कधीतरी, तुझेही गाल फार दिवस उपटलेले नाहीत.
तुझी
आई