साक्षीला तू का नव्हतीस

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

चि. भिंगरीस,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. जावईबापूंची पाठ कशी आहे? त्यांना म्हणावं, नुसती मलमं बदलून भागायचं नाही, ती खुर्ची बदला. फोन केला की तेच घेतात आणि 'ती जरा कामात आहे' म्हणतात. बिचाऱ्यांना धड खोटंही बोलता येत नाही. तेव्हा म्हटलं, पत्रच लिहावं. पत्राला कामात आहे म्हणून सांगता येत नाही.

दुकान मी उघडतोय. काल एक गृहस्थ फ्रेम घट्ट करून घ्यायला आले. मी हात पुढे केला, तर त्यांनी चष्मा खिशात परत टाकला आणि विचारलं, "ताई कधी येतील?" चाळीस वर्षं या धंद्यात आहे, आता ही माझी किंमत! हसू आलं आणि बरंही वाटलं. जिना चढताना थोडा दम लागतो, म्हणून वर-खाली कमी करतो, एवढंच.

तू दुकानाची किल्ली बेकरीवाल्याकडे ठेवून गेलीस. त्याने ती माझ्या हातात देताना तुझं वाक्यही दिलं: "बाहेरची माणसं आत बसली आणि मला बाहेर काढलं." पोरी, तुझा राग मला कळतो. मी तुझ्या जागी असतो तर किल्ली फेकूनच मारली असती.

पण त्या दिवशी काय झालं ते ऐक. मृत्युपत्र करायचं मनात होतं. साक्षीदार लागतात हे ठाऊक होतं. मला वाटलं, साक्षीला घरचं माणूस असावं, त्याहून खात्रीचं कोण? म्हणून तुला फोन केला, "सह्या करायच्या आहेत, ये." तू ठेवणीतले कपडे घालून आलीस, नवं पेनही आणलंस. वकीलबाई डोक्यावर चष्मा ठेवून टेबलाखाली चष्मा शोधत होत्या, तो तूच त्यांना काढून दिलास. तो डोळ्यांवर चढवून त्यांनी कागदावरचं नाव पाहिलं, मग तुझ्याकडे पाहिलं आणि माझ्या कानाशी म्हणाल्या, "यांना बाहेर थांबायला सांगा." आणि मी शहाण्याने सगळ्यांदेखत म्हटलं, "तू बाहेर थांब." मग साक्षीला शेजारचा दातांचा डॉक्टर आला आणि बेकरीवाला पिठाचे हात घेऊन आला. कागदाच्या कोपऱ्यावर त्याच्या अंगठ्याचा पांढरा ठसा उमटलाय. ते दोघं बाहेर येईपर्यंत तू गेली होतीस, आणि दुसऱ्या दिवशी किल्ली बेकरीत.

भिंगरे, ज्याला मृत्युपत्रातून काही मिळणार आहे, त्याने त्यावर साक्षीदार व्हायचं नसतं. उद्या कुणी बोट दाखवलं तर त्याचा हक्कच अडचणीत येतो. त्या कागदात तू होतीस. म्हणून तुला बाहेर काढलं.

दुकान तुझ्या नावे केलंय. यंत्रं, काचा, ती करकरणारी फिरती खुर्ची, सगळं.

वकीलबाईंनी मला नीट समजावलं होतं. मी न लिहिता गेलो, तर कायद्याच्या लेखी तू माझी कुणीच नाहीस. मुलगा गेला, सुनेचं दुसरं लग्न झालं, संपलं. ऐकून माझं डोकंच फिरलं. तो गेल्यावर भिंगं घासायला कोण बसलं? पहिल्या काचेला तडा गेला तेव्हा तुला रडू फुटलं, आणि रडतरडतच तू दुसरी काच हातात घेतलीस. पुढे तुझं लग्न मीच मागे लागून लावलं, तरी रोज सकाळी कुलूप तूच उघडत राहिलीस. चष्मेवाल्यालाच मोतीबिंदू झाला म्हणून सगळी गल्ली हसली, तेव्हा डोळ्यांत थेंब घालायला तूच होतीस. "बाबा, लहान मुलासारखा डोळा मिटू नका!" तुझे माझ्यावर फार उपकार आहेत. हा शब्द वाचून तू नाक मुरडशील. मुरड. मी खोडणार नाही.

त्याच दिवशी का नाही सांगितलं? सांगितलं असतं तर तू "मला काही नको" म्हणून कागद फाडायला लावला असतास. थोरल्या लेकीला मात्र विचारलं होतं. ती इतक्या लांबून म्हणाली, "बाबा, ते तिचंच आहे. तुम्ही विचारता काय?" तिचेही मी मनात आभार मानले.

आता दुसरी गोष्ट. दम थोडा नाही, बराच लागतो. हृदयातली एक झडप बदलायची आहे. बुधवारी. हे मी पहिल्या ओळीतच लिहायला हवं होतं, पण हात जावईबापूंच्या पाठीच्या मलमाकडे वळला.

मला वाटायचं, एकदा मृत्युपत्र केलं की सगळं आलं. वकीलबाई म्हणाल्या, ते तुम्ही गेल्यावरच बोलायला लागतं. तुम्ही आहात पण शुद्धीत नाही, अशा वेळी ते गप्प. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. दूरचा चष्मा लावून जवळचं वाचत होतो की मी! त्या वेळेसाठी वेगळा कागद असतो. मला बोलता आलं नाही, तर डॉक्टरांशी माझ्या वतीने कोण बोलेल, किती उपचार करा आणि कधी थांबा हे कोण सांगेल, ते त्यात लिहायचं.

त्यात मी तुझं नाव लिहिलंय. आणि त्यावर तुझी सही लागते. ओझं मोठं आहे, नाही म्हणालीस तरी दुकान तुझंच. पण खरं सांगतो, मला भीती वाटते, आणि तिथे डोळे मिटताना आपलं बोलणं बंद असायला नको.

कागद भरताना मी वकीलबाईंना विचारलं, "नातं कुठे लिहायचं?" त्यांनी मागचं-पुढचं पान उलटून पाहिलं. म्हणाल्या, "यात तो रकानाच नाही. ज्याच्यावर विश्वास आहे, त्याचं नाव फक्त."

सोमवारी सकाळी ये. नवं पेन आण. साक्षीदारांना मी सांगून ठेवलंय, हाक मारेपर्यंत जिन्यात थांबायचं. आधी आत आपण दोघं बसू.

या दुसऱ्या लग्नानंतर तू विचारलं होतंस, "आता तुम्हाला काय म्हणू?" मी थट्टेत म्हणालो होतो, चष्मेवाले म्हण. ते सोडून दे.

तुझा,
बाबा