तळाने पाणी धरलं

२१ जानेवारी

ती. बाबांना नमस्कार.

मी बरी आहे, खोकला गेला. आईला म्हणावं, गुडघा दुखतोय तोवर जिना टाळ. चार वर्षं तुम्ही माझ्याशी बोलत नाही, पण आई माझी पत्रं वाचून दाखवते तेव्हा तुम्ही पेपर तोंडापुढे धरून सगळं ऐकता, हे मला कळलंय. आज पेपर खाली ठेवा. बातमी माझ्याकडे आहे.

शहराचा कचरा टाकायच्या नव्या खड्ड्याचा तळ पास झाला!

खड्ड्याच्या उताराला वस्ती आहे, दोनशे घरं आणि एकच विहीर. कचऱ्यातलं काळं पाणी झिरपलं तर थेट तिच्यात जाणार. म्हणून तळाला चिकणमातीचा थर. मी तीन ठिकाणची माती तपासली. मुरूम म्हणजे नुसती चाळणी, काळी माती वाळली की भेगाळते. टेकडीमागची पिवळी मात्र चिवट आणि हट्टी निघाली. कुणावर गेली, ते सांगत नाही.

ठेकेदाराने ती कोरडीच दाबली. दगडासारखी झाली, घट्टपणाच्या चाचणीत पहिला नंबर, साहेब खूश. मी थरात लोखंडी कडं रोवून पाणी भरलं आणि झाकण घातलं. आठ दिवसांत पाणी चार बोटं उतरलं. कोरडी ढेकळं वरून कितीही कुटा, आतून एकजीव होत नाहीत.

"सगळा थर उकरा," मी म्हटलं.

"बाई, डोकं ठिकाणावर आहे का? कुठल्या पुस्तकात वाचलंत?" साहेब म्हणाले.

"पुस्तकात नंतर वाचलं. आधी घरी ऐकलं." आणि मूठभर माती साहेबांच्या हातावर ठेवली. "वळा हिची दोरी. ओल पुरेशी असेल तर वळेल." वळायच्या आधीच तुटली.

उकरला. माती पाणी मारून दोन दिवस मुरवली, पातळ थर देत दातांच्या रोलरने मळून काढली. पुन्हा कडं, पुन्हा झाकण. एकवीस दिवसांत पाणी केसभर उतरलं असेल नसेल! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी बूट चिखलात सोडून अनवाणी नाचले.

त्या टाळ्यांतच मला रडू फुटलं, आणि मी सांगून टाकलं. चार वर्षांपूर्वी गळलेल्या तलावाचा थर कोरडा दाबायला मीच सांगितलं होतं. तुम्ही रोलरवरून उतरून म्हणालात, "पोरी, दोरी वळत नाहीये." आणि मी, नवी नवी साहेबीण, सगळ्यांदेखत म्हणाले, "तुम्ही रोलर चालवा, माती मी बघते." चौकशीत खापर तुमच्या डोक्यावर फुटलं आणि मी तोंड उघडलं नाही. तुम्हीही माझं नाव घेतलं नाहीत. सदतीस वर्षांची नोकरी मान खाली घालून सोडलीत. बाबा, माझं चुकलं. मातीत चुकलं ते एक वेळ ठीक, पण गप्प बसले त्याला माफी नाही.

काल सगळं सही करून लेखी दिलं. साहेब म्हणाले, "नोकरीवर येईल." येऊ दे. अर्ध्या तासाने स्वतःच परत आले आणि विचारलं, "वडील अजून रोलर चालवतात का?"

तळ झाला, आता खड्ड्याच्या बाजूंचा शेवटचा थर सोमवारी आहे. माती भिजत घातली आहे. या. रोलर मी दुसऱ्या कुणालाही देईन; माती तुम्ही बघा.

तुमच्या हाताखालची,
पोरगी