जप्तीच्या पेटीची नऊ वर्षं

मी, वय वर्षे अठ्ठावन्न, निवृत्त संस्कृत शिक्षक, हे मृत्युपत्र स्थिर चित्ताने लिहीत आहे, असं सुरुवातीलाच घाला म्हणून वकिलांनी बजावलं आहे. याबाबत माझी रीतसर तक्रार आहे. त्यांच्या कचेरीत अशिलासाठी जी खुर्ची ठेवली आहे तिचा एक पाय बोटभर आखूड आहे. तिच्यावर बसून चित्तच काय, चष्मासुद्धा स्थिर राहत नाही. मी पायाखाली कागदाची घडी सरकवली, तर वकील म्हणाले, "गुरुजी, ती नोटीस आहे, उद्या बजावायचीय." म्हणून हा मजकूर मी घरी, माझ्या टेबलाशी, माझ्या हाताने लिहीत आहे. कोणाचं दडपण नाही. नशापाणी नाही, चहासुद्धा डॉक्टरांनी तोडला. येत्या सोमवारी ते माझं हृदय उघडणार आहेत. सत्तर टक्के खात्री आहे म्हणाले. माझ्या वर्गात सत्तर टक्के मिळवणारी मुलं मला चांगली आठवतात, म्हणून ही तजवीज.

कलम १. मला वारस दोन. थोरली मुलगी, आणि धाकटा मुलगा: लष्करातला कॅप्टन, जखमांमुळे सेवामुक्त, वय सत्तावीस, शौर्यपदकाचा मानकरी. त्यांची आई सहा वर्षांपूर्वी गेली. तिने पदक पाहिलं नाही, आणि पदकानंतरचा मुलगाही पाहिला नाही. यात नशीब कोणाचं, ते मला ठरवता आलेलं नाही.

कलम २. राहतं घर, खाली दोन खोल्या आणि वर एक, दोघांना समसमान. मुलगी "मला काही नको, बाबा" असं दोनदा म्हणाली; ते मी ऐकलेलं नाही असं समजावं. मात्र कलम ५ मधलं काम पुरं होईपर्यंत घर विकू नये. वरच्या खोलीत मुलगा राहतो. तिच्या दाराची आतली कडी मी आठ महिन्यांपूर्वी काढली. गंजली होती असं त्याला सांगितलं. गंजली नव्हती.

कलम ३. माझा धाकटा भाऊ. त्याचं प्लायवूडचं दुकान आहे. पदक जाहीर झालं त्याच आठवड्यात दुकानावर नवी पाटी चढली: 'शूर कॅप्टनच्या सख्ख्या काकांचे'. मी जाब विचारला तर म्हणतो, "दादा, खोटं काय आहे त्यात? सख्खा नाहीये का मी?"

"सख्खा आहेस. पण तो दवाखान्यात तीन महिने पडला होता, तेव्हा एकदा तरी डोकावलास?"

"दुकान कोण बघणार?"

सबब, पदकानंतर 'वीरपिता' म्हणून मला मिळालेली, आमच्याकडे भिंतीला टेकून ठेवलेली चौदा मानपत्रं, चौकटींसह, या भावास द्यावीत. अट एवढीच, की आधी पाटी उतरली पाहिजे. चौकटी उत्तम लाकडाच्या आहेत. प्लायवूड नाही.

कलम ४. पदक. ते माझं नाही, त्यामुळे देण्याचा मला अधिकार नाही. पण ते कुठे आहे हे नोंदवतो. मुलाने ते स्वयंपाकघरातल्या खिळे-स्क्रूच्या डब्यात टाकलं आहे. मी दोनदा बाहेर काढलं, दोनदा तिथेच परत गेलं. पदकासोबतच्या प्रशस्तिपत्रात लिहिलंय की ठाण्यावर तोफगोळा पडून बराकीला आग लागली, कॅप्टन तीनदा आत गेले, तीन जवानांना खांद्यावर बाहेर आणलं, आणि चौथ्या खेपेपूर्वी छप्पर कोसळलं. गद्य बरं आहे. मी दोन ठिकाणी लाल शाई केली असती.

गेल्या हिवाळ्यात एके दुपारी आम्ही दोघं वाटाणे सोलत होतो. त्याच्या भाजलेल्या बोटांना तेवढं जमतं. मान वर न करता तो म्हणाला, "बाबा, छप्पर नंतर पडलं."

"म्हणजे?"

"आत माझा ड्रायव्हर होता. तो हाका मारत होता. मी दारात उभा राहिलो. पायच उचलेनात. मग पडलं."

मी एकतीस वर्षं मुलांना वीरांच्या गोष्टी सांगितल्या. त्या सगळ्या गोष्टींत दारात उभा राहिलेला एकही माणूस मला सापडेना. मी म्हणालो, "शेंगा किडक्या निघाल्या." आयुष्यात इतकं वाईट उत्तर मी दुसरं दिलेलं नाही.

कलम ५. जप्तीची पेटी. वर्गात मुलांकडून जप्त केलेल्या वस्तू मी कधी फेकल्या नाहीत. प्रत्येकीला चिठ्ठी बांधून, नाव आणि तारीख लिहून पेटीत ठेवल्या. परीक्षेनंतर परत देईन म्हणायचो, आणि विसरायचो. आज त्यात दोनशे बारा वस्तू आहेत. भोवरे, गलोली, आरसे, एक तोंडाचा बाजा, एक प्रेमपत्र. (पत्र न वाचता परत द्यावं. मी वाचलं आहे. आशय चांगला, भाषा कच्ची.) एका गलोलीचा मालक आज न्यायाधीश आहे.

या मृत्युपत्राचा व्यवस्थापक म्हणून मी माझ्या मुलाची नेमणूक करतो. त्याने प्रत्येक वस्तू मालकाला शोधून, स्वतः जाऊन, हातात द्यावी. टपालाने नाही, दुसऱ्याकरवी नाही. महिन्याला दोनच. वकिलांनी बोटांवर हिशेब केला: "गुरुजी, नऊ वर्षं लागतील!"

"लागू देत."

"मृत्युपत्र आहे की गृहपाठ?"

"वकीलसाहेब, तुमचीही एक शिट्टी आहे त्यात."

त्यांनी पेनाला टोपण लावलं. मग म्हणाले, "निळी का?"

कॅप्टनसाहेब, हे वाचताना माझा डाव तुमच्या लक्षात आलाच असेल. तुम्ही व्यूहरचना शिकलात. मी तुमच्या आधीपासून बाकाखालची कॉपी पकडतोय. डाव कळला तरी काम टळत नाही.

कलम ६. ड्रायव्हरची आई. बसने दोन तासांवर राहते, शिवणकाम करते. मी तुला न सांगता तिच्याकडे गेलो होतो. तू दारात उभा राहिलास, हे मी तिला सांगितलं. माझा तो अधिकार नव्हता, हवं तर माझ्यावर रागव. ती मशीन थांबवून म्हणाली, "बावीस-पंचवीस वर्षांचं पोरच ना तेही?" आणि निघताना म्हणाली, "त्याला म्हणावं, एकदा ये. ओरडणार नाही मी. माझा लेक शेवटी काय म्हणत होता, तेवढं त्यालाच ठाऊक आहे." हा निरोप द्यायला मला चार महिने धीर झाला नाही. माझं लोकरीचं पांघरूण तिला द्यावं. तू स्वतः.

कलम ७. देह वैद्यकीय महाविद्यालयास. विद्यार्थ्यांनी गडबड करू नये.

वरील मजकूर मी वाचला, समजला, आणि बदलावासा वाटला नाही.

साक्षीदार: १) आमचे डॉक्टर (सही). २) कोपऱ्यावरचा सायकल दुरुस्तीवाला (सही). शेजारच्या कंपाउंडरला साक्षीदार व्हायचं होतं, पण त्याचा माझ्या आरामखुर्चीवर डोळा आहे आणि घेणाऱ्याने साक्षीदार होऊ नये म्हणतात. खुर्ची त्याला द्यावी.

ठिकाण: राहतं घर. शनिवार, तारीख सतरा.
(सही) निवृत्त शिक्षक

सहीखाली लिहिलेलं कायदा धरत नाही, असं वकील म्हणाले. म्हणून हे इथे लिहितो.

दिवसातून चार-पाच वेळा मी जिना चढून तुझ्या खोलीत येतो. कधी पेन हवं असतं, कधी वर्तमानपत्र. मला काही नको असतं. तू आहेस ना, एवढंच बघायला येतो. मला माझ्या ऑपरेशनची भीती वाटत नाही. मी गेल्यावर तू जगणार नाहीस, याची वाटते.