आठ नट, एक डंपर आणि माझा लेखी निर्णय

मी, या शेताचा आणि शेतातल्या डंपरचा मालक, वय वर्षे एकाहत्तर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. डोळ्यांचे ऑपरेशन झाले असले तरी मला अजून सगळे दिसते, आणि लोकांना जे दिसू नये असे वाटते ते जरा जास्तच दिसते. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. यापूर्वी मी दोन मृत्युपत्रे लिहिली होती. दोन्ही घरात कोणीतरी वाचल्याचा संशय आल्यामुळे मीच फाडून टाकली, तरी ती कोणी चिकटवून आणल्यास ग्राह्य धरू नयेत.

कलम एक. राहते घर माझ्या पत्नीचे. तिच्या हयातीत तिला तिथून कोणी हलवू नये, तिच्या स्वयंपाकघरातला डबासुद्धा हलवू नये. हे कलम मी तिला वाचून दाखवले तेव्हा ती म्हणाली, "घर मला आणि माझी सवत कोणाला?" सवत म्हणजे डंपर. बेचाळीस वर्षांच्या संसारात मी तिच्यावर एकदाही संशय घेतलेला नाही, असे मी इथे लिहिणार होतो. पण खोटे लिहिल्यास कागद रद्द होईल अशी भीती वाटते.

कलम दोन. बँकेत जे काही असेल ते पत्नीचे. किती आहे ते लिहीत नाही, कारण हा कागद आधी कोणाच्या हाती पडेल हे मला माहीत नाही.

कलम तीन. जमीन मुलाची. तो शहरातल्या ऑफिसात जातो आणि शेताकडे सुट्टीच्या दिवशी पाहुण्यासारखा बघतो, तरी तो माझा एकुलता एक मुलगा आहे आणि जमीन त्याला पोचते. डंपर मात्र त्याला पोचत नाही. मागच्या वर्षी मी डोळे तपासायला गेलो असताना भंगारवाला येऊन डंपर बघून गेला. मुलगा म्हणाला, "बाबा, तो सहज आला होता." भंगारवाला सहज येत नाही. हौद्याच्या पत्र्यावर त्याने खडूने लिहिलेले वजन मी पुसले नाही, आजही ते तिथेच आहे.

कलम चार. शेडमधली हत्यारे, म्हणजे दोन जॅक, ग्रीसगन, पाने आणि लोखंडी टेकू, ही डंपरबरोबरच राहतील. मोठा पाना त्यात सापडणार नाही. तो गॅरेजवाल्या मिस्त्रीने अकरा वर्षांपूर्वी "दोन दिवसांसाठी" नेला आहे. तो मी त्याला तेव्हाच बक्षीस दिला होता असे समजावे, म्हणजे माझ्या माघारी त्याने परत आणून देऊन साव होऊ नये.

कलम पाच. डंपर. हे कलम लांब होईल, कारण यात माझी चूक आहे आणि चूक थोडक्यात लिहिता येत नाही.

सोळा वर्षांपूर्वी मी हा डंपर एका खाणवाल्याकडून घेतला. तेव्हाच तो जुना होता. शेणखत, तळ्यातला गाळ, बांधाचे दगड, काढलेला बटाटा, सगळे बैलगाडीच्या वेगाने वाहून माझी कंबर गेली होती. मी पोचलो तेव्हा इंजिन गरम होते. म्हणजे गाडी थंड असताना सुरू होत नसणार. मी म्हणालो, निवू दे. चार तास खुर्ची टाकून बसलो. खाणवाला वैतागून म्हणाला, "काका, गाडी घेताय की जावई शोधताय?" मी म्हणालो, "जावई शोधत असतो तर पंधरा मिनिटांत उठलो असतो." चेसिसवर नवा रंग होता, तो खिळ्याने खरवडला तर खाली वेल्डिंग निघाले. गाडी तिसऱ्या सेल्फला सुरू झाली. मी घेतली, कारण इतके दोष मला सापडले म्हणजे न सापडलेले थोडेच उरले असतील, असा माझा हिशेब होता. तो हिशेब चुकला, पण डंपरने काम चुकवले नाही.

तेव्हापासून मी खुणा करतो. डिझेलच्या झाकणाला दोरा, टायरवर खडूची रेघ, चाकाच्या प्रत्येक नटावर पांढऱ्या रंगाचा ठिपका. नट कोणी बदलला तर ठिपका जाईल आणि चोर सापडेल. सोळा वर्षांत एकही सापडला नाही. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. मी तर पाणीसुद्धा फुंकून प्यायलो.

मागच्या हंगामात मुरूम भरून मी उताराच्या वाटेने निघालो होतो. सून धावत येऊन गाडीसमोर उभी राहिली.

"बाबा, आधी मागचं डावं चाक बघा."

"का?"

"नट सैल झालेत. खूण सरकलीय."

मी उतरलो. माझे पांढरे ठिपके जागच्या जागी होते. पण प्रत्येक नटावरून रिमवर गेलेली एक पिवळी बारीक रेघ होती, ती मी ओढलेली नव्हती. आठपैकी चार नटांवर ती तुटून बाजूला गेली होती. ते चार नट मी हाताने फिरवले. तसाच उतारावर गेलो असतो तर आज हा कागद लिहायला मी नसतो.

"या रेघा कोणाच्या?"

"माझ्या. तीन वर्षं झाली. तुमचा ठिपका नट बदलला का ते सांगतो, बाबा. सैल झाला का ते नाही सांगत. मी दर आठवड्याला बघते आणि आवळते."

या ठिकाणी कोणत्याही शहाण्या माणसाने आभार मानले असते. मी विचार केला की सैल झाल्याचे तिला बरोबर कसे कळले? ज्याने सैल केले त्यालाच कळणार. मुलगा डंपर विकायला बसलेला, म्हणजे दोघांचे संगनमत. मी तिला सगळ्यांसमोर म्हणालो, "पाना चालवायला शिकलीस ती याच्यासाठी?" चोराच्या मनात चांदणे असते म्हणतात. तिच्या चेहऱ्यावर काही दिसेना, आणि तेच मला अधिक संशयास्पद वाटले. त्याच दिवशी शेडला कुलूप लावले आणि किल्ली खिशात ठेवली. त्या दिवसापासून ती मला जेवायला वाढते, औषध देते, पण बाबा म्हणत नाही. "तुम्ही" म्हणते.

सात महिने मी साप साप म्हणून भुई धोपटली. चोर ठरवून झालाच होता, आता पुरावा हवा होता म्हणून तिच्यासारख्याच पिवळ्या रेघा मी स्वतः ओढल्या. महिनाभराने बघतो तर चार रेघा सरकलेल्या. कुलूप शाबूत, किल्ली माझ्या खिशात, गाडी फक्त मी चालवलेली. मी पुन्हा आवळले, पुन्हा सरकल्या. शेवटी मिस्त्रीला बोलावले. तो चाक उतरवून म्हणाला, "काका, रिमची भोकं झिजून लांबट झालीत. कोणीही आवळा, सैल होणारच. एवढी वर्षं चाक निघालं कसं नाही, याचंच नवल आहे."

चाक का निघाले नाही हे मला कळले. मिस्त्रीला मी ते सांगितले नाही आणि सुनेलाही सांगितले नाही. मला लाज वाटली. म्हणून इथे लिहितो की ती निर्दोष आहे, मी तिच्यावर आळ घेतला, आणि डंपर, शेड व हत्यारे हे सर्व मी तिला एकटीला देत आहे. ते विकण्याचा, मोडण्याचा वा भंगारात घालण्याचा हक्क तिच्या नवऱ्याला नाही.

साक्षीदारांबाबत. वकिलांनी सांगितले आहे की ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने त्यावर साक्षीदार होऊ नये, झाल्यास त्याचे मिळालेले जाते. आज दुपारी मिस्त्री आणि शेजारच्या शिक्षिकाबाई साक्षीला यायच्या होत्या. मिस्त्री आला, बाई उशिरा येते म्हणाल्या. मिस्त्रीला घाई होती. मी घरात विचारले, दुसरी सही कोण करतो? जो करेल त्याला यातले काही मिळणार नाही. मुलाला अंगणात काम आठवले. पत्नी हसली. सुनेने हात पुसले आणि म्हणाली, "द्या इकडे. नाहीतरी त्यात माझं काय असणार?"

माझ्या तोंडून शब्द फुटण्याआधी तिने सही केली होती.

मी तिला बसवले आणि पाचवे कलम वाचायला दिले. ती सावकाश वाचत होती. मग कागद खाली ठेवून म्हणाली, "यात डाव काय आहे?"

मी म्हणालो, काही नाही. तिला ते पटले नाही, आणि पटवायला माझ्याकडे एकही पुरावा नव्हता. म्हणून तिची सही मी खोडली, किल्ली खिशातून काढून तिच्यासमोर ठेवली आणि म्हणालो, मेल्यावर नको, आजच घे. तिने किल्ली उचलली. मग बाहेर गेली.

आता शेडचे कुलूप उघडल्याचा आवाज आला. मी बघायला गेलेलो नाही.

साक्षीदार एक: मिस्त्री (सही)
साक्षीदार दोन: सून (सही खोडली आहे, खाडाखोड माझ्याच हातची)
साक्षीदार दोन: शिक्षिकाबाई (सही, त्या आल्यावर मिस्त्रीलाही परत बोलावून दोघांच्या देखत मी सही केली)

लिहून देणार: सही
ठिकाण: शेतावरचे घर, मागची खोली
दिनांक: एकोणीस मार्च, दुपारचे सव्वाचार