तिकीट खिडकीचा खण

प्रिय बर्नी,

तू माझ्यावर रागावलेली नाहीस, आणि अकरा महिने मला तेच सोसवत नाहीये. डेक्लनला पुरून आल्यावर चर्चच्या हॉलमध्ये तू माझे दोन्ही हात धरलेस आणि सगळ्यांच्या देखत म्हणालीस, "नोरीननं तिला जमेल तेवढं केलं गं." माझ्या मांडीवर कुणीतरी दिलेली कोळंबीची प्लेट होती. मी मान खाली घालून ती सगळी संपवली. तुझा मुलगा मातीत जाऊन तास झाला नव्हता आणि मी कोळंबी सोलत होते. त्यानंतर तू दोनदा फोन केलास, मी उचलला नाही. तुला वाटलं असेल, बिचारी अजून सावरली नाही.

परवा कपाट आवरताना आपल्या शाळेतला फोटो सापडला. सिस्टर युलालिया मध्ये, तू डावीकडे, पुढचा दात पडलेला. त्याच वर्षी तुझ्या बाबांनी आपल्याला खाडीकाठच्या दलदलीत नेऊन नेम धरायला शिकवलं होतं. कुंपणावर टोमॅटोचे रिकामे डबे मांडलेले. तुझी तिसरी गोळी डब्याला न लागता बगळ्याला लागली. पंख मोडून तो चिखलात गोल गोल फिरत होता, आणि तुझ्या बाबांनी बुटानं त्याची मान दाबली. तू रडलीस, मी नाही. दुसऱ्या दिवशी सिस्टरनी आपल्या बुटांवरचं रक्त पाहिलं तेव्हा मी म्हणाले, "सिस्टर, तिथे एक मेलेला बगळा होता." प्रत्येक शब्द खरा. त्यांनीच शिकवलं होतं ना, खोटं बोलणं पाप आहे, पण सगळंच सांगायला हवं असं नाही. तू नंतर फादरना सगळं सांगून मोकळी झालीस. मी ते कधीच सांगितलं नाही. आपल्या दोघींत हा फरक तेव्हापासूनचा आहे.

बागेच्या खटल्याचं तू इतकं वाचलं आहेस की आता तूच वकील झाली असशील. तरी माझ्या तिकीट खिडकीच्या आतून ते कसं दिसायचं, ते सांगते. जमीन नगरपालिकेची, बाग आमच्या संस्थेची, मध्ये पन्नास वर्षांचा भाडेपट्टा. सार्वजनिक जागेत परवानेवाल्याला पिस्तूल बाळगता येतं. खासगी जागेत मालक नको म्हणू शकतो. मग आमची बाग कुणाची? खालचं कोर्ट म्हणालं, संस्थेची. वरच्यानं ते परत खाली पाठवलं. तीन वर्षांत फाटकावरची 'शस्त्रं आणू नयेत' ही पाटी चार वेळा लागली आणि चार वेळा निघाली. डेक्लन कामावर आला की कॅमेलियाच्या फुलांच्या वाफ्यांकडे जाताना रोज माझ्या खिडकीत डोकवायचा, "नोरी मावशी, आज कायदा काय म्हणतोय? उघडीप आहे की ढगाळ?"

आणि लोक तर येतच होते. एका आजीबाईंच्या पर्समधलं पिस्तूल स्वच्छतागृहात उडालं. आरसा फुटला, आणि शेजारी हात धूत उभ्या असलेल्या बाईच्या मांडीतून गोळी आरपार गेली. फरशी मी पुसली. इस्टरच्या शनिवारी दोन बाप एका बाकावरून भांडले. दोघांचे हात कमरेला, आणि मधल्या बाबागाडीत मूल झोपलेलं. बागेचे व्यवस्थापक मिस्टर टिस्डेल म्हणायचे, "मिस नोरीन, अडवू नका आणि परवानगीही देऊ नका." संस्थेच्या वकिलांचं पत्र त्यांनी माझ्या खिडकीत चिकटवलं होतं. मी विचारलं, मग करू काय? ते म्हणाले, "हसा."

मी हसले, आणि जोडीला एक शहाणपणा केला. पाहुण्याला दारातच 'तू नको' म्हणणं आपल्याकडे कुणाला जमतं? टोपी मात्र मागता येते. आपली शाळा बंद झाली तेव्हा लिलावात मी रेनकोटांच्या खुंट्यांचे नंबर कोरलेले पितळी बिल्ले घेतले होते. ते खिडकीत ठेवले. कुणाच्या कमरेला फुगवटा दिसला की म्हणायचे, "भाऊ, केवढा उकाडा आहे, ते ओझं इथे ठेवून जा ना. जाताना घ्या." बिल्ला द्यायचे, पिस्तूल खणात ठेवायचे. दहातले सात जण ठेवायचे, वर आभार मानायचे. मिस्टर टिस्डेलनी खण पाहिला आणि पाहिला नाही असं केलं. डेक्लन मात्र खो खो हसला. "मावशी, तू टोप्या सांभाळतेस की तोफखाना? आणि एखादा पिसाळलेला माणूस बिल्ला घेऊन आला, तर?" मी म्हणाले, "कोपऱ्यात उभा करीन, सिस्टर करायच्या तसा." "तुला कुणी घाबरत नाही, मावशी," तो म्हणाला, "मीसुद्धा कधी घाबरलो नाही."

वेड लँकफर्डला तू कोर्टात आरोपी म्हणून पाहिलंस तो केस कापलेला, खांदे पाडलेला. माझ्या खिडकीत तो दर रविवारी यायचा, टोपी काढून. मी मागायच्या आधीच पिस्तूल काउंटरवर ठेवायचा, नळी स्वतःकडे करून. त्याची बायको वारल्यापासून कुत्रीला घेऊन यायचा, आणि बागेत कुत्र्यांना मनाई असून मी तिच्याकडे काणाडोळा करायचे. कॅमेलियाच्या प्रदर्शनादिवशीही केला. आत हजारभर माणसं. डेक्लननं कुत्री बाहेर न्यायला सांगितलं, वेडनं त्याच्या छातीला धक्का दिला, डेक्लननं परत दिला, आणि वेड पाठीवर कमळांच्या तळ्यात पडला. लोक हसले. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. हे सगळं तुला ठाऊक आहे. यापुढचं ठाऊक नाही.

सगळे म्हणतात, तो गाडीकडे गेला आणि पिस्तूल घेऊन परत आला. गाड्या फाटकाच्या बाजूलाच उभ्या असतात, म्हणून सगळ्यांनी तसं धरलं. बर्नी, तो गाडीकडे गेलाच नाही. तो माझ्या खिडकीशी आला. बाहीतून पाणी गळत होतं, गालाला शेवाळ, आणि हातात बिल्ला. मी म्हणाले, "वेड, बसा जरा, टॉवेल देते." तो म्हणाला, "माझी वस्तू द्या, मिस नोरीन." मी म्हणाले, उद्या न्या ना. तो अगदी हळू म्हणाला, "तुम्हाला ती ठेवता येत नाही. कायदा आहे." वकिलांचं पत्र आमच्या दोघांच्या मध्ये काचेवर चिकटलेलं होतं: कुणाचं शस्त्र ताब्यात आलं, तर मागताक्षणी परत करावं. त्याच्या डोळ्यांत काय आहे ते मला दिसत होतं. कायद्यात काय आहे ते दोन कोर्टांना दिसत नव्हतं. मी खण उघडला आणि माझ्या हातानं ते त्याला दिलं. तो म्हणाला, "आभारी आहे, मॅडम." मग फाटकाबाहेर जाण्याऐवजी तो वळून आत गेला, आणि मी पुढच्या माणसाला दोन तिकिटं फाडून दिली.

तीन गोळ्या. मी धावले. पांढऱ्या कॅमेलियांच्या टेबलाखाली डेक्लन बसला होता, गळ्यावर दोन्ही हात दाबून, आणि बोटांच्या फटींतून रक्त उडत होतं. प्रदर्शनातल्या पाच जणांनी आपापली पिस्तुलं काढली. त्यांतला मारेकरी कोणता हे कुणालाच कळेना, ते एकमेकांवरच रोखून ओरडत उभे. चौघांनी वेडला खाली पाडून बुटांनी त्याचे दात मोडले, आणि तो हात वर न करता मार खात राहिला. मी तुला सांगितलं होतं की डेक्लन लगेच गेला. नाही गं. चार मिनिटं लागली. मी माझा स्वेटर त्याच्या गळ्याशी धरला होता. तो माझ्याकडे बघत होता. बोलायचा प्रयत्न केला तर तोंडातून नुसते बुडबुडे आले. पण त्याला खण ठाऊक होता, बर्नी. पिस्तूल कुठून आलं ते त्याला कळलं होतं, आणि ते कळून तो गेला.

संध्याकाळी मिस्टर टिस्डेलनी खण रिकामा केला आणि मला म्हणाले, "हा पहिल्यापासून रिकामाच होता, मिस नोरीन." पोलिसांनी विचारलं, तो बाहेर जाताना दिसला का? मी म्हणाले, "तो माझ्या खिडकीपर्यंत आला होता." प्रत्येक शब्द खरा. वेडनं गुन्हा कबूल केला, जास्त काही बोलला नाही. एका बाईमाणसाचं नाव कशाला गोवायचं, असं त्याला वाटलं असेल. तुझ्या मुलाला मारणाऱ्या माणसाच्या सभ्यपणाआड मी अकरा महिने लपून बसले आहे.

मंगळवारी संस्थेवरच्या तुझ्या दाव्यात माझी साक्ष आहे. संस्थेच्या वकिलांनी माझ्याकडून उत्तरं पाठ करून घेतली आहेत: पाटी नव्हती, कायदा स्पष्ट नव्हता, त्याला मी थांबायची विनंती केली. सगळं खरं आहे. सगळं सांगायचं असं मी रोज सकाळी ठरवते आणि दुपारपर्यंत पुन्हा तीच उत्तरं पुटपुटत असते. तू मला सहा वर्षांची असल्यापासून ओळखतेस. शपथ घेतल्यावरसुद्धा मी एखादं खरं वाक्य शोधून काढीन आणि त्याच्यामागे बसेन. म्हणून हे पत्र. मला क्षमा करण्यासाठी हे वाचू नकोस, आणि वाचून फाडूही नकोस. आजच तुझ्या वकिलाकडे नेऊन दे. प्रत्येक पानावर मी पूर्ण नाव घालून सही केली आहे, तारीखही. खाली मात्र सवयीनं 'तुझीच' लिहिते. नको असेल तर ते खोड.

तुझीच,
नोरीन